दिठीचं पातं

बाबनरावांनी खोकल्याची नक्कल केली तर तो खोकला माणसाचा नसायचा, टर्बाइनच्या पात्याचा असायचा. आधी घशातून एक 'टण्ण' काढायचे, स्वच्छ आणि लांबत जाणारा. मग दुसरा, केसभर खालचा, शेवटी जरासा फाटलेला. "आइकलं? हे खोकलून राहिलं. याच्या छातीत काहीतरी आहे." असं म्हणून स्वतःच्याच छातीवर हात ठेवायचे, आणि ओट्यावर बसलेली सगळी पोट्टी हसून लोळायची.

तांडापेठेत आमची आणि त्यांची भिंत एकच. इतकी पातळ, की त्यांच्याकडे फोडणी पडली की शिंका आमच्याकडे यायच्या. त्यामुळे ते घर मला डोळ्यांआधी कानांनी माहीत झालं. बाबनरावांची बायको तुळजाबाई श्वास आत ओढता ओढता बोलायची, विहिरीतून पाणी शेंदल्यासारखी. धाकटा भाऊ श्रावण बोलायला लागला की समोरचा एक विडी ओढून घ्यायचा.

"भाऊ..." श्रावण म्हणायचा, आणि थांबायचा. "आज..." मग डोकं खाजवायचा. "आज भाजी..."

"थंडी झाली गा तुही भाजी! सांग लवकर!"

"...चांगली झाली."

श्रावणची ही नक्कल गल्लीत सगळ्यांना यायची. पाचवीतल्या पोरीसुद्धा करायच्या. श्रावण स्वतः ऐकून हसायचा, तेही बऱ्याच वेळानं.

राहिली श्रावणची बायको, रुख्माबाई. तिची नक्कल करणं अवघड, कारण तिचं निम्मं बोलणं दुसऱ्याच्या नावानं असायचं. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरे. त्यांच्याशी समोरासमोर बोलायचं नाही, अशी त्या घरातली रीत. बाबनराव हातभर अंतरावर पाटावर बसलेले असायचे आणि ही डोईवरचा पदर ओढून चुलीकडं तोंड करून म्हणायची, "बाई, भासऱ्याइले म्हणावं, पाणी काढलं."

तुळजाबाई काही सांगायच्या आत बाबनराव उठायचे. "म्हणा, आलो."

तुळजाबाई घरात नसली तर हीच वाक्यं बकरीला सांगितली जायची. बारा वर्षं असं चाललं होतं, आणि कुणाचं काही अडलं नव्हतं.

दोघे भाऊ विणकराच्या पोटचे. बाप मागावर गेला, म्हणजे मागावर बसल्या बसल्याच गेला. त्यानं पोरांना शिकवलं होतं की धागा तुटला हे आधी कानाला कळतं, मग डोळ्याला. हातमागाचा धंदा बसला तसे दोघे एका कापडगिरणीच्या पॉवरहाऊसमध्ये लागले. वीजकपातीचे दिवस होते. बाहेरची वीज कधी जाईल याचा नेम नव्हता, म्हणून गिरणीनं स्वतःची वाफेवरची दोन टर्बाइनं जिवापाड जपली होती. कामगार त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचे. श्रावण थोरलीवर ऑपरेटर होता. बाबनराव पाती बसवायचे.

टर्बाइनच्या पोटात पोलादाचं चाक असतं आणि त्याच्या काठाला वीतभर लांबीची पाती, एकाला लागून एक, दाटीनं उभी. वाफ त्यांच्यावर आदळते आणि चाक फिरतं. पाती बाहेरच्या कारखान्यातून यायची, एकाच नकाशावरून केलेली. तरी कुठलीही दोन सारखी नसायची. एखादं मुळाशी जाड, एखादं टोकाला केसभर लांब. डोळ्याला दिसायचं नाही, पण चाकात बसवून लाकडी हातोडीनं टिचकी मारली की प्रत्येकाचा आवाज निराळा.

"एका मायचे लेकरं," बाबनराव सांगायचे, "पण एक बोबडं, एक घोगरं. हे पाह्य, हे आपले चंपतराव." आणि घोगरा 'डण्ण' काढायचे. चंपतराव तिथले फोरमन. त्यांचा आवाज खरंच तसा, तंबाखूच्या पिचकारीतून आल्यासारखा.

ज्याचा आवाज खाली त्याचं टोक कानशीनं किंचित घासायचं, म्हणजे आवाज वर चढतो. असं करत करत सगळी पाती एका सुरात आणायची. हेच बाबनरावांचं काम, आणि त्यात त्यांचा हात धरणारं तिथं कुणी नव्हतं.

आता दिठीची गोष्ट. बाबनरावांच्या बापाची एक खोड होती. लुगडं बिनचूक उतरलं की शेवटी काठात एक धागा मुद्दाम चुकवायचा. दिठीचा धागा. सगळं नेटकं झालं की नजर लागते, आणि नजर लागली की लुगडं नेसणारीचं वाईट होतं, असं तो म्हणायचा. तांडापेठेत दुसरं कुणी असं करत नव्हतं. लोक त्याला हसायचे. पण बापानं सांगितलेलं बाबनरावांच्या बोटांत राहिलं होतं.

त्या हिवाळ्यात दोन्ही टर्बाइनांची पाती एकदम बदलायची ठरली. एरवी दोनचार मोडकी काढून नवी घालायचे. सगळा संच नवा घालायची ही पहिलीच वेळ. नवी पाती आली ती फारच भांडखोर. बाबनराव घरी आले की वैतागून एकेकाचा आवाज काढून दाखवायचे, म्हणजे भिंतीपलीकडं जणू सगळं लग्नघर बोलतंय. पण हळूहळू आवाज कमी होत गेले. दिवाळीनंतर पाच उरले, मग तीन, आणि संक्रांतीच्या सुमाराला बाबनराव एकच 'टण्ण' काढायला लागले.

गिरणीचे इंजिनियर मधुकरराव धरमपेठेत राहायचे. सरळ, स्वच्छ मराठी, आणि प्रत्येक वाक्य 'असं बघा'नं सुरू. ते थोरलीच्या चाकाजवळ आले, हातोडी घेतली, एकेका पात्याला टिचकी मारत अर्ध्याहून जास्त चाक वाजवलं.

"असं बघा, बाबनराव, मी शिकलो तिथेही असं जुळलेलं चाक पाहिलं नाही. दृष्ट लागेल हो!"

"नाई लागत, साहेब," बाबनराव म्हणाले. "बंदोबस्त केला आहे."

साहेब हसले आणि गेले. त्यांनी उरलेली पाती वाजवली असती तर त्यांतल्या एकाचा आवाज खाली लागला असता. थोरलीच्या चाकात एक आणि धाकटीच्या चाकात एक, अशी दोन पाती बाबनरावांनी घासलीच नव्हती. कारखान्यातून आली तशीच ठेवली होती.

होळीच्या अलीकडं, आठवड्याच्या सुटीनंतर सकाळी श्रावणनं थोरली चालू केली. टर्बाइन एकदम पूर्ण वेगाला नेत नाहीत, पायरीपायरीनं नेतात. मधल्या एका वेगाला पाती फार थरथरतात. तिथं रेंगाळायचं नाही, पटकन पुढं जायचं, एवढं प्रत्येक ऑपरेटरला पाठ असतं. त्या वेगाजवळ थोरलीच्या पोटात काहीतरी तुटलं. एका पात्यानं शेजारची तोडली, त्यांनी त्यांच्या शेजारची, आणि पोलादाचे तुकडे कवच फोडून बाहेर आले. श्रावण वेग दाखवणाऱ्या काट्यासमोर उभा होता. धंतोलीच्या दवाखान्यात नेईपर्यंत तो राहिला नाही.

त्याला घरी आणलं तेव्हा तुळजाबाईनं मोठ्यानं रडून घेतलं. रुख्माबाई पदर ओढून भिंतीकडं तोंड करून बसली. बाबनराव ओट्यावर बसून लोक येताना बघत होते. तीन दिवस त्यांनी घशातून कुठलाही आवाज काढला नाही.

गिरणीची पद्धत अशी होती की कामावर असताना मेलेल्या माणसाच्या बायकोला सूतखात्यात घ्यायचं, पण चूक त्या माणसाची स्वतःची नसेल तरच. रुख्माबाईच्या पदरात दोन लेकरं. त्यामुळे चूक कुणाची, या प्रश्नावर तिचं पुढचं सगळं टांगलेलं होतं. आणि मधुकररावांचा निर्णय तेरवीच्या आधीच आला: ऑपरेटर धोक्याच्या वेगाला रेंगाळला.

सगळ्यांना पटलं. चंपतराव पॉवरहाऊसच्या दारातच म्हणाले, "सुस्त होता ना बे तो. एक वाक्य बोलाले त्याले पाव घंटा लागे, तं मशीनवर कायची घाई करते?" गल्लीतही तेच. जी नक्कल इतकी वर्षं हसायला होती तीच आता साक्ष म्हणून चालली. पाण्याच्या नळावर बायका हळू आवाजात 'भाऊ... आज... भाजी...' करायच्या आणि माना हलवायच्या.

बाबनरावांना ते सहन होईना. भाऊ बोलायला सुस्त होता, पण काट्यावर नाही. हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. एका सुटीच्या दुपारी सायकल काढून ते धरमपेठेत गेले. साहेबांनी व्हरांड्यात बसवलं, स्वतः पाणी आणून दिलं.

"साहेब, श्रावण रेंगाळला नसंल. दुसरं काही झालं असंल."

"असं बघा," मधुकरराव म्हणाले, "मीही तेच शोधत होतो." आणि ते आत गेले. काटोलहून आलेली संत्र्यांची करंडी होती, तिच्यातली पाच संत्री आणि सुतळी घेऊन आले. कपडे वाळत घालायच्या ढिल्या दोरीवर त्यांनी पाचही संत्री सारख्याच लांबीच्या सुतळीनं टांगली आणि एकाला झोका दिला. ते हललं, मग शेजारचं हललं, मग त्याच्या पलीकडचं. थोड्या वेळानं सगळीच थोडी थोडी डोलत होती.

"पाती सुटी नसतात. चाकातून एकमेकांना धरून असतात. सगळी सारखी असली की हादरा वाटून घेतात." मग त्यांनी एका संत्र्याची सुतळी दोन बोटं लांब केली आणि त्यालाच झोका दिला. ते डोलत राहिलं. शेजारची नुसती थरथरत होती. "आता बघा. हे वेगळं आहे, म्हणून याचा हादरा शेजारी घेत नाहीत. याचं यालाच भोगावं लागतं. हलून हलून मुळाशी चिरतं. कारखान्यातून येणारी पाती थोडी वेगळी असतातच, म्हणून तर आपण ती जुळवतो. किती वेगळेपण चालतं आणि किती चालत नाही, हे बाहेरदेशीसुद्धा अजून पक्कं ठरलेलं नाही."

बाबनराव संत्र्याकडे बघत होते. ते अजून डोलत होतं.

"थोरलीत असं एखादं वेगळं पातं असतं," साहेब पुढं म्हणाले, "तर मी श्रावणला दोष दिलाच नसता. तुकड्यांचा चुरा झाला आहे, त्यावरून काही कळत नाही. पण असं बघा, ती पाती तुम्ही जुळवली होती. मी स्वतः वाजवून पाहिली. तुमच्या कामात खोट नाही, म्हणूनच तर बोट माणसाकडे जातं."

बाबनराव उठले. नमस्कार करायचाही राहून गेला.

घरी आल्यावर त्यांनी तुळजाबाईला सगळं सांगितलं. साहेबांच्या आवाजात, संत्र्यांसकट आणि आपण न घासलेल्या पात्यांसकट. रुख्माबाई लेकरांना घेऊन नळावर गेली होती. मग तुळजाबाईचा तो आत ओढलेला आवाज:

"कोणाले बोलले काय तुमी?"

"नाई अजून."

"मंग बोलू नोका. माणूस तं गेला. तुमी बोलल्यानं येते काय तो?"

"त्याच्या नावावर दोष आला ना वं. रुख्मीले काम नाई देत."

"नसू द्या. आपल्या चुलीवर खाईल ते. जलमभर खाईल, मी नाई म्हणते काय? पण हे कळलं तं आपल्या चुलीजोळ बसंल काय ते? सांगा ना, बसंल काय?"

तेवढ्यात रुख्माबाई घागर घेऊन आली आणि चुलीकडं बघून म्हणाली, "बाई, भासऱ्याइले म्हणावं, चहा मांडू काय?"

"नोको म्हणा," बाबनराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपराव ओट्यासमोर सायकल टेकवून उभा राहिला. रुपराव धाकटीवरचा ऑपरेटर, श्रावणचा सोबती. बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी शिट्टी घालायची त्याची सवय. हल्ली ती बंद होती.

"बाबनभाऊ, येता काय सोबत? आज धाकटी चालू करून राहिलो. सुटीनंतर पहिलीच. खरं सांगू काय, भेव वाटून राहिलं मले."

बाबनरावांनी पायात चप्पल घातली नाही. अनवाणीच रुपरावच्या सायकलवर मागं बसले. गिरणीच्या फाटकातून आत गेल्यावर ते पॉवरहाऊसकडं वळले नाहीत, सरळ मधुकररावांच्या खोलीत शिरले. तिथं चंपतराव होते. पुढं जे झालं ते गिरणीतल्या प्रत्येकानं आपापल्या आवाजात सांगितलं, पण शब्द सगळ्यांचे सारखे होते.

"साहेब, धाकटी चालू करू नका. तिच्यात एक पातं येगळं आहे. थोरलीतही होतं. मीच ठेवलं."

"राहून गेलं म्हणता?"

"राहून नाई गेलं. ठेवलं. दिठीसाठी."

चंपतराव हसले, मग कुणीच हसत नाही हे बघून थांबले. "भावासाठी बोलून राहिला हा, साहेब. दिठीसाठी गिरणी बंद ठेवाची काय? मालकाले काय सांगू मी? दिठ लागली म्हणून?"

"असं बघा..." मधुकरराव म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "बंदोबस्त. मी दृष्ट लागेल म्हणालो, आणि तुम्ही म्हणालात, बंदोबस्त केला आहे. तो हा?"

"हो."

"मी विचारलं नाही."

"मीबी सांगतलं नाई."

साहेबांनी चंपतरावांना पाठवून धाकटी चालू होण्याआधीच थांबवली. तिला गरम करायला सोडलेली वाफ बंद केली, ती थंड व्हायला पुढचा सगळा दिवस गेला. गिरणीतले माग बंद, कामगार पटांगणात. कवच उचललं तेव्हा पॉवरहाऊसमध्ये इतकी शांतता होती की चंपतरावांच्या तोंडातला तंबाखू ऐकू येत होता. बाबनरावांनी हातोडी घेतली. टण्ण. टण्ण. टण्ण. रुपराव चाक हातानं पुढं ढकलत होता. टण्ण. टण्ण. आणि मग तो. केसभर खालचा. पण बाबनरावांनी ठेवला होता तसाही तो राहिला नव्हता. शेवटी फाटत होता.

"खोकलून राहिलं," ते म्हणाले.

साहेबांनी ते पातं काढायला लावलं आणि मुळाशी तेल आणि खडू लावून उजेडात धरलं. खडूवर एक बारीक काळी रेघ उमटली. पातं अर्ध्यापर्यंत चिरलं होतं. आणखी एकदा त्या वेगातून गेलं असतं तर कदाचित टिकलं असतं, कदाचित नसतं. रुपराव खाली बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून राहिला.

श्रावणवरचा दोष निघाला. साहेबांनी आपला निर्णय फिरवला आणि त्यात आपलंही चुकलं असं लिहिलं, असं म्हणतात; मालकाला ते आवडलं नाही. बाबनरावांना कामावरून काढलं. पोलीस दोनदा घरी येऊन गेले. आणि रुख्माबाईला सूतखात्यात घेतल्याचं सांगायला स्वतः चंपतराव तांडापेठेत आले. सांगता सांगता कारणही सांगावं लागलं. त्यांचा घोगरा आवाज त्या दिवशी फार हळू होता, तरी भिंतीतून प्रत्येक शब्द आला.

ते गेल्यावर पलीकडं पायांचा आवाज झाला, चुलीकडून खाटेकडं. आणि रुख्माबाई बोलली. पहिल्यांदा कळलंच नाही कोण बोलतंय, कारण तो आवाज कुणाच्या आडून येत नव्हता.

"भासरे."

तुळजाबाईनं श्वास ओढला.

"त्या पात्याचा आवाज कसा होता? मले आइकवा."

"नोको ना वं रुख्मे," बाबनराव म्हणाले.

"पोट्ट्याइले आइकवत होते ना तुमी. मले आइकवा."

मग बाबनरावांनी घसा साफ केला आणि आवाज काढला, आधी चांगल्या पात्याचा. टण्ण. मग त्याचा. त्यांचा घसा बिघडलेला नव्हता. दोन्ही आवाज जसेच्या तसे आले.

"अजून एकडाव."

टण्ण. आणि दुसरा.

"मले तं," रुख्माबाई म्हणाली, "दोन्ही सारखेच वाटले."

खाटेची दोरी करकरली. बाबनराव उठले असतील, किंवा आडवे झाले असतील. भिंतीतून एवढं कळत नाही.

रुख्माबाई सूतखात्यात जायला लागली. त्या घरातच राहिली, तुळजाबाईच्याच चुलीवर स्वयंपाक करायची, बाबनरावांचं ताटही वाढायची. पण 'बाई, भासऱ्याइले म्हणावं' हे वाक्य पुन्हा कधी ऐकू आलं नाही, आणि थेट हाकही नाही. ताट पाटासमोर ठेवल्याचा आवाज यायचा. मग कुणी न बोलावता बाबनराव स्वतःच उठून यायचे.